व्याही म्हणायचं, की नुसतंच ‘तुम्ही’?

लग्न ठरलेलं नाही, मोडलेलंही नाही. पोरं मात्र दोन वर्षं एकाच घरात राहतायत. अशा वेळी दोघांच्या आईबाबांनी एकमेकांना भेटायचं तरी कुठे, आणि कोण म्हणून? आमच्या दोन घरांनी त्यासाठी भंडारदरा गाठलं. दोन दिवस, तीन खोल्या आणि समोर काठोकाठ भरलेलं धरण!

कांदेपोहे आउटडेटेड झाले, असं आपण सगळेच म्हणतो. मुलगा-मुलगी ऑफिसात भेटतात, वर्षभर कॉफ्या पितात, ब्रेकअप करतात, परत जुळवतात आणि मग एखाद्या रविवारी दुपारी वरणभात कालवता कालवता घरात बॉम्ब टाकतात. आईबाबांचा पहिला आठवडा शॉकमध्ये जातो, दुसरा चौकशीत, तिसऱ्यात ते सावरतात. इथपर्यंत सगळं एकविसाव्या शतकातलं.

पण पुढचा सीन? तो अजूनही जुन्याच सिनेमातला! मुलीच्या घरचा हॉल, नव्या कव्हरांचा सोफा, ट्रेमध्ये काजूकतली, बाकरवडी आणि कुणीही न पिणारं सरबत. ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ ‘अरे वा, तिकडे आमच्या मावसबहिणीला दिलीय.’ मग एक भयाण शांतता. मग पंख्याचा आवाज. मग कुणीतरी घसा खाकरून, ‘बरं, मग पुढचं कसं करायचं?’ म्हणजे पोरांनी एकमेकांना ओळखायला दोन-दोन वर्षं घ्यायची आणि त्यांच्या आईबाबांनी तेच काम दीड तासात उरकायचं. हे कुठलं लॉजिक?

बरं, या दोन जोडप्यांचं नातं आपल्याकडे काही किरकोळ नाही. ‘व्याही’ आणि ‘विहीण’ असे दोन खणखणीत शब्द आहेत आपल्याकडे. इंग्रजीत सासूला शब्द आहे, मेहुण्याला आहे, पण दोन सासवा एकमेकींच्या कोण, या प्रश्नावर ती भाषा चक्क गप्प बसते. आपण विहिणीची स्वतंत्र पंगत घालतो, तिचा मानपान करतो, तिच्या रुसण्याचीसुद्धा सोय करून ठेवतो. फक्त एक अट आहे. हा शब्द लग्न ठरल्यावर मिळतो. सुपारी फुटली की व्याही. त्याआधी ‘स्थळ’. आणि पोरं जर म्हणत असतील, की लग्नाचं आत्ता काही नाही, पण राहणार एकत्रच, तर? तेव्हा शब्दच नाही.

आमच्या घरात नेमका हाच घोळ होता. दादा एकतीस वर्षांचा, पुण्यात एका आयटी कंपनीत. त्याची मैत्रीण एकोणतीसची, डेटा अॅनालिस्ट. तिला मी वहिनी म्हणू शकत नाही, नावाने लिहिणं तिला नकोय, म्हणून या लेखापुरतं तिला ‘पार्टनर’ म्हणू. (हा शब्द ऐकला की बाबांना अजून दुकानाच्या पाटीवरचे ‘अँड पार्टनर्स’ आठवतात!) दोघं दोन वर्षं बाणेरला एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहतात. लग्नाला विरोध नाही म्हणे. ‘आत्ता नको’ असं आहे. हे ‘आत्ता’ किती लांब, ते कुणालाच माहीत नाही.

आई डोंबिवलीत तीस वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये राहतेय. तिला या दोघांच्या एकत्र राहण्याचा धक्का पहिले तीन महिने होता. नंतर तिचा प्रश्न वेगळाच झाला. शेजारच्या काकू विचारतात, ‘मुलाचं काय म्हणतंय?’ तेव्हा सांगायचं काय? ‘बघतोय’ म्हणावं तर काकू स्थळ आणतात. ‘ठरलंय’ म्हणावं तर तारीख विचारतात. खरं सांगावं तर त्या लिफ्टमध्ये गप्प होतात. ‘मला एक वाक्य द्या रे,’ असं ती दादाला फोनवर म्हणायची. त्याच्याकडे ते नव्हतं.

मग मध्ये आला फ्लॅट. भाडं भरून कंटाळलेल्या दोघांनी वाकडला टू-बीएचके बघितला. दोघांच्या नावावर घ्यायचा, निम्मे निम्मे पैसे, निम्मं निम्मं कर्ज. आता ज्यांनी होमलोनसाठी धावपळ केलीय त्यांना माहीत असेल, बऱ्याच बँकांना सहअर्जदार म्हणून नवरा-बायको किंवा सख्खं नातं असलेलं बरं वाटतं. ‘रिलेशन’ या रकान्यापुढे ‘फ्रेंड’ लिहिलं की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो. अखेर एका बँकेने होकार दिला, पण डाउनपेमेंट जास्त मागितलं. म्हणजे दोन्हीकडच्या वडिलांपुढे हात पसरणं आलं. आमचे बाबा बँकेतून रिटायर झालेले, त्यांच्या एफडी होत्या. पार्टनरचे वडील, म्हणजे नाना, निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं, ‘पैसे देतो. पण ज्यांच्या पोराबरोबर घर घेतेय, त्या माणसांचं तोंड आधी बघू दे.’

फेअर आहे की नाही?

तुमच्याकडे नको, आमच्याकडेही नको

प्रश्न होता कुठे भेटायचं. नानांच्या घरी जावं, तर तो ‘मुलगी बघायला’ गेल्यासारखा कार्यक्रम होणार आणि गावात बोभाटा. त्यांनी डोंबिवलीला यावं, तर मुलीकडचे उठून मुलाच्या दारात गेले, असा त्याचा अर्थ. पुण्याला पोरांच्या घरी भेटावं, तर आईला त्या घरातला एकुलता एक बेडरूम दिसणार. हॉटेलात जेवायला भेटण्यात पुन्हा तेच दीड तास.

भंडारदरा मी सुचवलं. कारण अगदी साधं. नकाशावर डोंबिवली आणि निफाड यांच्या मध्ये बोट ठेवलं तर ते घोटी-इगतपुरीच्या आसपास पडतं आणि घोटीहून आत वळलं की तीस-पस्तीस किलोमीटरवर भंडारदरा. तिथे कुणीच यजमान नाही, कुणीच पाहुणा नाही. चहा कुणी टाकायचा हा प्रश्न नाही, घर लहान की मोठं हे दाखवायचं नाही. आणि मुख्य म्हणजे बोलायचं काही सुचलं नाही, तर सगळ्यांना बघायला समोर पाणी आहे. सोफ्यावर समोरासमोर बसण्यापेक्षा कठड्याला टेकून एकाच दिशेला बघत माणसं फार लवकर बोलती होतात. हे मला रिपोर्टिंग करताना कळलंय.

तारीख ठरवताना खरी मजा झाली. नानांना सवड हवी ती ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आधी. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. ही दुसरी एकदा सुरू झाली की बागायतदार स्वतःच्या लग्नालाही हजर राहणार नाही! तेव्हा गणपती झाल्यावरचाच वीकेण्ड उरला. आणि तो नेमका पितृपक्षात. मला वाटलं आई आडवी येणार. ती मात्र एकदम खूश! ‘उत्तम. पक्षपंधरवड्यात काही ठरवायचंच नसतं. म्हणजे ठरवा ठरवा म्हणून कुणी मागे लागणार नाही.’ एवढा मॉडर्न युक्तिवाद मी आजवर दादाकडूनही ऐकला नव्हता. शिवाय खोल्या सहज मिळाल्या. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघायला इथे जी झुंबड उडते, तेव्हा असं ऐनवेळी जमलं नसतं.

घोटीला दोन्ही गाड्या भेटल्या. आमच्या गाडीतून आई, बाबा, मी. त्यांच्या गाडीतून नाना, पार्टनरची आई आणि कुणालाही न सांगता बरोबर आलेली आजी! नऊवारी, कपाळावर ठसठशीत गोंदण, वय अठ्ठ्याहत्तर. ‘मी म्हटलं, तलाव हाये तर मीबी येते,’ एवढंच तिचं स्पष्टीकरण. दादा आणि पार्टनर पुण्याहून संगमनेर-अकोले मार्गे थेट येणार होते. त्यामुळे पहिला चहा पोरांशिवायच झाला. आई आणि पार्टनरच्या आईने एकमेकींच्या साड्यांकडे बघितलं, बाबा आणि नानांनी एकमेकांच्या गाड्यांकडे. बिल द्यायला दोघंही एकदम उठले. नाना जिंकले. बाबांनी तो पराभव लक्षात ठेवला.

अकरा टीएमसीच्या गप्पा

भंडारदरा म्हणजे प्रवरेवरचं विल्सन धरण आणि त्यामागचा आर्थर लेक. काम १९१० साली सुरू झालं, १९२६ मध्ये पूर्ण झालं. शंभर वर्षांपूर्वीची ही ८२ मीटर उंचीची दगडी भिंत अजून ताठ उभी आहे. पावसाळ्याच्या शेवटी तलाव काठोकाठ भरलेला असतो, पलीकडे रतनगडाचे डोंगर, अलीकडे ढगात डोकं घातलेलं कळसूबाई. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. धरणाच्या पायथ्याशी पाणी सोडलेलं असलं, की खडकावरून छत्रीसारखा उघडणारा अम्ब्रेला फॉल दिसतो. तिथे सेल्फीवाल्यांची गर्दी असते. आमच्यापैकी तिकडे फक्त आजी गेली.

नाना भिंतीकडे बघत उभे राहिले. आपण ‘वॉव’ म्हणतो. नाना म्हणाले, ‘अकरा टीएमसी.’ मग बाबांकडे वळून, ‘साहेब, हे खाली निळवंड्याला जातं, तिथून प्रवरासंगमला गोदावरीत. तिथून जायकवाडी.’ आणि मग पुढचा पाऊण तास नानांनी जे सांगितलं, ते मी कुठल्याही सेमिनारमध्ये ऐकलेलं नाही. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला आणि समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. त्यामुळे खाली मराठवाड्यात तूट असेल, तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. मग दर दुष्काळी वर्षी मोर्चे, कोर्ट, पोलीस बंदोबस्त. नाना वरच्या खोऱ्यातले, म्हणजे पाणी जाणाऱ्यांच्या बाजूचे. तरी म्हणाले, ‘राग येतो. पण खालच्यालाही प्यायला लागतंच ना.’

बाबांनी आयुष्यभर पीककर्जाच्या फायली तपासल्या, पण द्राक्षाचा वेल जवळून कधी पाहिला नव्हता. त्यांनी विचारलं, की गारपीट झाल्यावर बागायतदार कर्जाचं पुनर्गठन मागतो, तेव्हा खरंच तेवढं नुकसान झालेलं असतं का? प्रश्न जरा डेंजरस होता. दादाचा चेहरा पडला. नाना मात्र खो-खो हसले. म्हणाले, ‘साहेब, तीस वर्षं हेच एका बँकवाल्याला तोंडावर सांगायची इच्छा होती!’ आणि सांगितलं. पुष्कळ वेळ सांगितलं. चहा दोनदा आला आणि दोनदा थंड झाला.

खोली नंबर तीन

आता तो नाजूक विषय. खोल्या! तीन होत्या. ज्या दोघांमुळे हा सगळा घाट घातला, ती दोन वर्षं एका घरात राहतायत, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आजीलासुद्धा. पण रिसेप्शनवर चाव्या हातात आल्यावर सगळ्यांनाच एकदम छताकडे बघावंसं वाटायला लागलं. शेवटी पार्टनरनेच सोडवलं. ती, आजी आणि मी एका खोलीत. दादा आईबाबांच्या खोलीत, एक्स्ट्रा गादीवर. नाना आणि तिची आई तिसरीत. पार्टनर मला नंतर म्हणाली, ‘ढोंग आहे, माहितीय. पण दोन रात्रींचं आहे. नानांनी माझ्यासाठी गावात दोन वर्षं ढोंग केलंय.’

जातीचा विषय कुणीही काढला नाही. तो होताच. आम्ही कोकणस्थ, ते मराठा. आपल्यासारखी माणसं हे मोठ्याने बोलत नाहीत, त्याऐवजी जेवणाची ऑर्डर देतात. वेटर आला आणि पार्टनरच्या आईने पटकन ‘सगळं व्हेज’ असं सांगितलं. आमच्या आईला लागलं ते. ती म्हणाली, ‘अहो, तुम्ही आमच्यासाठी उपाशी राहू नका. तुमचं तुम्ही मागवा, मला त्रास नाही.’ वाक्य प्रेमाचंच होतं, पण त्यात ‘तुमचं’ आणि ‘आमचं’ दोनदा आलं. टेबलावर शांतता. मग आजी! तिने वेटरला विचारलं, ‘चुलीवरलं हाये का गॅसवरलं?’ वेटर म्हणाला, गॅसवरचं. ‘मग राहू दे. गॅसवरलं मटण म्या खात न्हाई. पिठलं आण.’ सगळ्यांनी पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला.

हा प्रश्न पिठल्याने सुटतो असं मला म्हणायचं नाही. बाबांच्या एका चुलत भावाने दादाचं कळल्यापासून आमच्याकडे येणं कमी केलंय. नानांच्या भावकीतही कुजबुज आहे. त्या रात्री एवढंच झालं, की चारही मोठी माणसं एकाच ताटलीतल्या ठेच्यावरून हात पुढे करत होती. बस.

मग लाइट गेली. बाहेर धो-धो पाऊस, मोबाइलला रेंज नाही, करायला काहीच नाही. आमच्या पिढीची अशा वेळी घालमेल होते. मोठ्यांनी पत्ते काढले. मेंढीकोट! बाबा आणि नाना भिडू, आई आणि पार्टनरची आई भिडू. टेबलावर मेणबत्ती, बाजूला भडंग. आमची आई एरवी अत्यंत सौम्य बाई आहे. मेंढीकोटमध्ये ती कसाई होते. आणि तिला कळलं, की समोरची बाई तिच्याहून डेंजर आहे. दोघींनी डोळ्यांनी खुणा करत तिसऱ्याच डावात चारही मेंढ्या उचलल्या आणि दोन्ही पुरुषांवर कोट चढवला. त्यानंतर त्या ‘अहो’वरून ‘अगं’वर कधी आल्या, ते त्यांनाही कळलं नसावं.

पुष्करणीच्या पायऱ्यांवर

रविवारी सकाळी रतनवाडीला गेलो. तलावाला वळसा घालत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्येच रानफुलांचे पिवळे-जांभळे पट्टे. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग. रतनवाडीत अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं, नखशिखान्त कोरलेलं देऊळ आहे आणि शेजारी पायऱ्यांची चौकोनी पुष्करणी. तुम्ही कधी गेलात, तर देवळात जाऊन लगेच परत फिरू नका. पुष्करणीच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसा.

दोघी आया तिथे दीड तास बसल्या. तो आमच्या ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा दीड तास. पुढचं मी पार्टनरच्या आईला विचारून लिहितेय. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न सात वर्षांपूर्वी झालं होतं. स्थळ बघून, पत्रिका जुळवून, बैठक बसवून, याद्या करून, बस्ता बांधून, अगदी रीतसर. दोन्हीकडची माणसं एकमेकांना एकूण तीनदा भेटली होती आणि तिन्ही वेळा विषय देण्याघेण्याचा होता. दीड वर्षात मुलगी माहेरी परत आली. का, ते इथे नको. त्या म्हणाल्या, ‘आम्ही त्यांना व्याही म्हणत होतो. पण आम्हाला त्यांच्या घरात काय चालतं, ते काही माहीत नव्हतं. पोरगी फोनवर बरी आहे म्हणायची, आम्ही बरी आहे समजायचो.’

पार्टनर तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होती. ताईला परत आणायला गाडीतून तीच गेली होती. ‘आत्ता नको’चा अर्थ हा होता.

दादाने हे घरी कधी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगणं त्याचं नव्हतं. आईने दोन वर्षं मनात एक कथा रचली होती, की मुलगी करिअरवाली, हिला बंधन नको, उद्या माझ्या मुलाला सोडून जाईल. ती कथा त्या पायऱ्यांवर संपली. आई गाडीत बसल्यावर घाटनदेवीपर्यंत एक शब्द बोलली नाही, पण ते परतीच्या वाटेवरचं. त्या क्षणी तिने फक्त पार्टनरच्या आईच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि म्हणाली, ‘चल, चहा घेऊ.’

नाना, मृत्युपत्र केलंय का?

तिकडे बाबा आणि नाना देवळाच्या कट्ट्यावर कशावर बोलत होते, सांगू? मृत्युपत्रावर! पितृपक्षात!

झालं असं, की नानांनी सरळ विचारलं, ‘उद्या पोरांचं बिनसलं तर?’ बाबा बँकवाले. ते म्हणाले, बिनसलं तर भांडतील आणि विकतील, दोघंही कमावते आहेत, करारात वाटा टक्क्यांत लिहून ठेवू. ‘पण नाना, दोघांपैकी एकाला काही झालं तर?’ आणि बाबांनी खिशातला कागद काढला. ते घरूनच होमवर्क करून आले होते!

तुमच्यापैकी जे कुणी लग्नाशिवाय एकत्र घर घेताय, त्यांनी हे जरा नीट वाचा. लिव्ह-इन हा गुन्हा नाही. सज्ञान व्यक्तींनी एकत्र राहण्यात बेकायदा काही नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात तर ‘विवाहसदृश’ नात्यातल्या स्त्रीलाही संरक्षण आहे. पण वारसा? तिथे सगळं शून्य. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात अविवाहित, मूलबाळ नसलेला पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गातली वारस त्याची आई असते. वडीलसुद्धा नंतर! तशीच अविवाहित मुलगी गेली, तर तिने स्वतः कमावलेलं तिच्या आईवडिलांकडे जातं. म्हणजे दादाला काही झालं, तर वाकडच्या त्या फ्लॅटचा निम्मा भाग आमच्या आईचा आणि निम्मा पार्टनरचा. उलट झालं, तर दादाच्या घरात निम्मे मालक नाना आणि पार्टनरची आई. सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून निवांत राहू नका, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. उपाय एकच, मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे साहेब, लग्न नसलं तरी कायद्याने आपण एकमेकांच्या घरात आहोतच की.’

‘आहोत,’ बाबा म्हणाले.

दादा आणि पार्टनर लांबून बघत होते. त्यांना वाटलं, म्हातारे भांडतायत. जवळ आले, तर बाबा त्यांना म्हणाले, पैसे मिळतील, पण आधी दोघांची मृत्युपत्रं. एकतीस आणि एकोणतीस वर्षांच्या माणसांना हे ऐकून कसं वाटलं असेल, विचार करा! पार्टनर हसायला लागली. दादाला सुचेना. आजीने मात्र फार मनावर घेतलं नाही. ती सावलीत बसून एकटीच ज्वारीच्या लाह्या खात होती. बाबांनी उठायला हात दिला, तेव्हा तो धरून उठत म्हणाली, ‘इवाई, जरा दमानं. गुडघा दुखतो.’

इवाई. म्हणजे व्याही. बया सहज बोलून गेली. पुढे गेलेल्या नानांनी मागे वळून बघितलं, बाबांनी आईकडे, आईने दादाकडे. कुणी दुरुस्त केलं नाही. आजी हळूहळू गाडीकडे चालत राहिली.

निघताना रिसेप्शनवर पुन्हा धुमश्चक्री. बाबांना घोटीच्या चहाचा बदला घ्यायचा होता, नाना पाकीट काढून तयार. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, बिल काल रात्रीच झालं. पार्टनरने आणि दादाने निम्मं निम्मं भरलं होतं. दोन्ही वडील एकदम पोरके झाल्यासारखे दिसले.

नानांनी सकाळीच ड्रायव्हरला राजूरला पाठवलं होतं. राजूरचे पेढे या भागात फेमस. किलोचे दोन बॉक्स आले, एक आमच्या गाडीत ठेवला. आईने नेहमीच्या सवयीने विचारलं, ‘पेढे कशाचे?’ आणि तिलाच काय बोलले ते कळलं. आपल्याकडे पेढ्यांना कारण लागतं ना. पास झाला, नोकरी लागली, ठरलं. नाना म्हणाले, ‘राजूरचे.’

डोंबिवलीला पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्याच. हातातला बॉक्स बघून त्यांचे डोळे चमकले. ‘काय गं, पेढे? ठरलं वाटतं!’ आईने झाकण उघडून बॉक्स पुढे केला. म्हणाली, ‘घे ना. नाशिककडच्या आमच्या माणसांनी दिलेत.’

दुसऱ्या दिवशी तिने मला फोनवर नंबर सेव्ह करून दे म्हणून सांगितलं. पार्टनरच्या आईचा. मी विचारलं, नाव काय टाकू? ती चष्मा पुसत बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, ‘मेंढीकोट टाक.’